हृदयाच्या नव्या रक्ततपासण्या : आकडा कसा समजून घ्यावा



आपल्या वयाची मंडळी कोठेही भेटली, मग ते सिनेगॉगचे अंगण असो, मेहंदीचा कार्यक्रम असो की कुपत खोलीमचा बाक, बोलणे फिरून फिरून तब्येतीवर येते. पूर्वी साखर आणि प्रेशर एवढ्यावर भागत असे. आता "माझे ट्रोपोनिन काढले", "मला बीएनपी करायला सांगितली आहे" अशी नवी नावे कानावर येतात. नातवंडे मोबाईलवर निकाल उघडून दाखवतात, आकड्यापुढे लाल खूण दिसते आणि डॉक्टरांशी बोलणे होण्याआधीच घरात काळजी शिरते. उलट एखाद्याचा आकडा चांगला आला की "हृदय ठणठणीत आहे" असा निरोप सगळ्या नातेवाइकांना जातो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, आणि दुसरा तर कधी कधी जिवावर बेतू शकतो.

म्हणून या तपासण्या काय मोजतात, आणि त्यांच्या आकड्यांवरून काय ठरवता येते व काय येत नाही, ते आज सोप्या मराठीत मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सोबतीत गेले. कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. डॉक्टर जे बोलतात ते नीट समजावे आणि त्यांना योग्य प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी हा धडा.

आधी रोग समजून घेऊ

आपल्या घरांच्या गच्चीवर दूद शेमेश असतो. इथले पाणी जड. काही वर्षांनी नळीच्या आतून पांढरा थर बसतो, त्याला आपण सगळे आव्नीत म्हणतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतही असाच चरबीचा थर साचत जातो आणि एक दिवस नळी बंद होते, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

रोहिणीतला थर नळीच्या पोकळीत साचत नाही, तो तिच्या भिंतीच्या आत साचतो. चरबीचे कण भिंतीत शिरतात, त्यांना साफ करायला शरीरातील पांढऱ्या पेशी धावतात, तिथे दाह होतो आणि हळूहळू गळवासारखा फुगवटा तयार होतो. वरून पातळसा पापुद्रा असतो. हा पापुद्रा फाटला की त्या जागी काही मिनिटांत रक्त गोठू लागते आणि वाट अडते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. याला आपण हार्ट अ‍ॅटॅक म्हणतो. फुगवटा लहान असला तरी तो फाटू शकतो. काल चार जिने चढून गेलेल्या माणसाला आज झटका येतो, त्याचे एक कारण हे आहे.

यावरून रक्ताला तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला : हृदयाच्या स्नायूला आत्ता, या क्षणी इजा होत आहे का? दुसरा : हृदय ओझ्याखाली थकले आहे का? तिसरा : पुढच्या वर्षांत रोहिण्यांत थर वाढवणारे काही रक्तात आहे का? प्रत्येक प्रश्नाची तपासणी वेगळी. एकीचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की घोटाळा होतो.

पहिला प्रश्न : इजा होत आहे का? (ट्रोपोनिन)

१९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की हार्ट अ‍ॅटॅकनंतर रक्तात एक विशिष्ट द्रव्य वाढते. मुंबईच्या दवाखान्यांतही पुढे त्याची तपासणी 'एसजीओटी' या नावाने होत असे. अडचण अशी की हे द्रव्य यकृतातही असते आणि इतर स्नायूंतही. म्हणजे चोर सापडला, पण कोणत्या घरातला ते कळेना.

ट्रोपोनिनने ही अडचण बरीचशी दूर केली. हे स्नायूतले प्रथिन जपानचे शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६५ च्या सुमारास शोधले. हृदयाच्या स्नायूतील ट्रोपोनिनची घडण हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा थोडी वेगळी असते. याचा उपयोग करून जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हुगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रक्ततपासणी तयार केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनी हार्ट अ‍ॅटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनच्या आधारे नव्याने ठरवली. २०१० पासून युरोपात अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासणी आली. ही इतकी बारीक आहे की निरोगी माणसाच्या रक्तातले अगदी थोडे ट्रोपोनिनसुद्धा तिला दिसते.

इथे एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ट्रोपोनिन स्नायूतून रक्तात यायला वेळ लागतो. छातीत दुखू लागल्यावर पहिल्या तासाभरात घेतलेल्या रक्तात ते वाढलेले नसूही शकते. म्हणून मिय्यूनमध्ये पोहोचल्यावर एकदा रक्त घेतात आणि एक, दोन किंवा तीन तासांनी पुन्हा घेतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टर पाहतात : चढला, उतरला की होता तिथेच राहिला? चढउतार असेल तर इजा ताजी. पूर्वी याच निर्णयासाठी सहा ते बारा तास थांबावे लागे.

आपल्यातील कित्येक मंडळी दुसऱ्या नळीला कंटाळतात. "आत्ताच तर रक्त घेतले, परत कशाला टोचता? बरे वाटते आहे, घरी जाऊ द्या." आणि सही करून निघून येतात. वाचकहो, पहिली नळी हे अर्धे वाक्य आहे. ते पूर्ण होईपर्यंत उठू नका. सोबतीला मुलगा किंवा सून असेल तर त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ट्रोपोनिन वाढले म्हणजे हार्ट अ‍ॅटॅकच, असे नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील, नाडी अनियमित आणि जोरात चालत असेल, हृदय थकलेले असेल, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल, शरीरात मोठा जंतुसंसर्ग झाला असेल, तरी ते वाढते. सत्तरी-ऐंशीच्या माणसांत थोडे वाढलेले आणि तसेच स्थिर राहिलेले ट्रोपोनिन पुष्कळदा सापडते. त्याचाही विचार करावा लागतो, पण तो सावकाश करता येतो.

शिवाय तपासणी करणाऱ्या यंत्रागणिक मर्यादा बदलते, आणि स्त्री-पुरुषांचीही वेगळी असते. उदाहरणार्थ, बरीच वापरात असलेली एक तपासणी स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर अशी रेषा धरते. तेव्हा शेजारच्या काकांचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करू नये. ज्या प्रयोगशाळेचा निकाल, तिचीच रेषा पाहावी.

आणि शेवटचे : ट्रोपोनिन चांगले आले याचा अर्थ रोहिण्या स्वच्छ आहेत असा होत नाही. रोहिणी बरीच अरुंद झालेली असूनही, स्नायूला इजा झालेली नसेल तर ट्रोपोनिन शांत राहते. आजचा चांगला आकडा उद्याच्या छातीतल्या कळीला लागू पडत नाही. उद्या कळ आली तर उद्याच पुन्हा तपासणी.

दुसरा प्रश्न : हृदय थकले आहे का? (बीएनपी)

आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे शिकवलेही, की हृदय हा एक पंप आहे. १९८१ मध्ये कॅनडातील आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्या उंदरांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले. म्हणजे हृदय नुसते पंप नाही. ते ग्रंथीसारखे संप्रेरकही तयार करते आणि मूत्रपिंडांना निरोप पाठवते. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत त्याच जातीचे आणखी एक द्रव्य मिळाले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला : ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, म्हणजेच बीएनपी. पुढे कळले की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येते. नाव मात्र तेच राहिले.

हृदयाच्या भिंतीवर ताण आला, आत रक्त जास्त साठू लागले, की हे द्रव्य वाढते. "ओझे फार झाले, मीठपाणी बाहेर काढा" असा हा निरोप. तपासणीत बीएनपी किंवा त्याचाच जोडभाऊ एनटी-प्रो-बीएनपी मोजतात. दोघांचे आकडे वेगळे असतात, म्हणून कागदावर कोणते नाव आहे ते नीट पाहावे.

याचा उपयोग आपल्याला कसा? दिमोना, लोद, बेरशेवा येथील जुन्या शिकूनांत कित्येक इमारतींना लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर दम लागतो. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायाला रुततो. रात्री एका उशीऐवजी तीन उशा लागतात. आपण म्हणतो, "वय झाले." कधी म्हणतो, "जुना दमा आहे." पण हीच थकलेल्या हृदयाचीही लक्षणे आहेत. दम फुप्फुसांमुळे की हृदयामुळे, हे नुसते पाहून ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १५८६ रुग्णांची बीएनपी तपासली आणि या निदानात तिची चांगली मदत होते असे दिसून आले.

या तपासणीचा मोठा गुण म्हणजे ती 'नाही' खात्रीने सांगते. दवाखान्यात साध्या भेटीत एनटी-प्रो-बीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आले, तर धापेचे कारण थकलेले हृदय असण्याची शक्यता फार कमी. मिय्यूनमध्ये अचानक धाप लागून आलेल्या माणसासाठी ही रेषा ३०० ची. आकडा वाढलेला असेल तर मात्र पुढे हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, करून पाहावे लागते.

वयानुसार हा आकडा आपोआप चढतो. तातडीच्या विभागात पन्नाशीच्या आतील माणसाला ४५० ला जो अर्थ असतो, तो पंचाहत्तरीच्या पुढे १८०० ला असतो. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा नाडी अनियमित असेल तर तो वाढतो. अंगाने जाड माणसांत तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. थकलेल्या हृदयावरचे एक नवे औषध, ज्यात साकुबिट्रिल आहे, ते घेणाऱ्यांत बीएनपी औषधामुळेच वाढू शकते. त्यांच्यासाठी एनटी-प्रो-बीएनपी अधिक भरवशाची. म्हणून रक्त द्यायला जाताना औषधांची यादी खिशात असावी.

तिसरा प्रश्न : पुढचा धोका किती?

इथे तीन नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले एपो-बी. आपण इतकी वर्षे वाईट कोलेस्टेरॉल मोजत आलो. कोलेस्टेरॉल हे बसमधले उतारू समजा. रोहिणीच्या भिंतीवर उतारू आदळत नाहीत, बस आदळते. प्रत्येक बसला एकच ड्रायव्हर, तसे या प्रत्येक कणावर एपो-बी हे प्रथिन एकच असते. ड्रायव्हर मोजले की बस किती ते कळते. मधुमेह असलेल्यांत आणि ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांत उतारू कमी दिसतात, पण बस पुष्कळ असतात. अशांना ही तपासणी विशेष उपयोगी.

दुसरे लायपोप्रोटीन (ए). नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी ते १९६३ मध्ये शोधले. हा वाईट कोलेस्टेरॉलसारखाच कण, पण त्याच्या अंगाला आणखी एक प्रथिन चिकटलेले. त्याचे प्रमाण जवळजवळ संपूर्णपणे आई-वडिलांकडून येते आणि जन्मभर साधारण तेवढेच राहते. पथ्याने किंवा चालण्याने ते फारसे हलत नाही. जगात सुमारे पाचांतील एका माणसात ते धोक्याच्या रेषेवर, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असते. म्हणून युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी २०१९ मध्ये सल्ला दिला की प्रत्येक प्रौढाने ही तपासणी आयुष्यात निदान एकदा करावी. ते खाली आणणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तोवर उपाय असा की हा धोका असेल तर बाकीचे धोके, म्हणजे प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, अधिक कडकपणे आवरायचे.

तिसरे सीआरपी. शरीरात कोठेही दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करते. १९३० सालापासून ते माहीत आहे. ते अतिसूक्ष्म प्रमाणात मोजले तर रोहिण्यांच्या धोक्याचा अंदाज येतो, हे बॉस्टनच्या पॉल रिडकर यांच्या गटाने १९९७ पासून दाखवले. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त. पण सर्दी, हिरड्यांची सूज, सांध्यांची सूज यांनीही ते वाढते. १० च्या वर गेले तर बहुधा संसर्ग किंवा दुसरा आजार असतो. म्हणून तापात किंवा सर्दीत ही तपासणी करू नये. बरे झाल्यावर दोनतीन आठवड्यांनी करावी.

२०२४ मध्ये याच गटाने अमेरिकेतील २७,९३९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तात वाईट कोलेस्टेरॉल, लायपोप्रोटीन (ए) आणि सीआरपी ही तिन्ही एकदाच मोजली होती आणि पुढे ३० वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. तिन्ही वाढलेली असणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सर्वांत जास्त दिसला. हृदयविकार हा पुरुषांचा रोग, ही समजूत आपल्या बायकांनी सोडून द्यावी.

आपल्या लोकांनी हे का जाणून घ्यावे?

आपण इस्राएलात कितीही वर्षे राहिलो तरी रक्त कोकणचेच आहे. २००४ च्या इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासातून पुढे असे दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला हार्ट अ‍ॅटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांना सुमारे ५९ व्या वर्षी. अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनीही २०१८ च्या सूचनांमध्ये दक्षिण आशियाई वंश हे धोका वाढवणारे कारण म्हणून नोंदले आहे. आपले इथले रोफे मिश्पाखा आडनाव वाचून हे ओळखतीलच असे नाही. "आम्ही भारतातून आलो, माझे वडील अमुक वयात हृदयाने गेले" हे वाक्य आपणच बोलले पाहिजे.

लायपोप्रोटीन (ए) चा आकडा तर आपल्यापेक्षा मुलांनातवंडांना अधिक उपयोगी. आपल्यात तो जास्त निघाला तर त्यांनीही तपासून घ्यावे. वयाच्या तिशीत कळले तर पुढची चाळीस वर्षे काळजी घेता येते. आपण त्यांना मलिदा कसा करायचा ते शिकवतो, गावाचे नाव सांगतो, आडनावाची कथा सांगतो. तसा हा आकडाही सांगून ठेवावा. घराण्यात कोण कोणत्या वयात आणि कशाने गेले, तेही एका कागदावर लिहून द्यावे. ही माहिती आता आपल्याच पिढीकडे उरली आहे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. छातीत दडपण, कळ जबड्यात, हातात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, अचानक धाप, यांपैकी काही झाले तर कुपत खोलीममध्ये रक्ततपासणीची वेळ मागत बसू नका. १०१ वर मागेन दाविद आदोमला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. इसीजी लगेच निघतो, ट्रोपोनिन त्यानंतर.

२. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत किंवा सोडा पीत रात्र काढू नका. स्त्रियांत आणि मधुमेह असणाऱ्यांत कधी कधी दुखणे कमी असते. नुसती मळमळ, धाप किंवा विलक्षण थकवा एवढेच असू शकते.

३. शब्बाथ आहे म्हणून फोन उचलायला कचरू नका. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, शब्बाथच्याही वर आहे, हे आपले रब्बीच सांगतात.

४. केस आणि नखे यांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना सांगा. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा दिला की त्यामुळे काही यंत्रांवर ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी येऊ शकतो.

५. काही त्रास नसताना हौसेने ट्रोपोनिन किंवा महागडी पॅकेजे करून घेऊ नका. प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल या जुन्या तपासण्या अजूनही पहिल्या पायरीवर आहेत. लायपोप्रोटीन (ए) किंवा एपो-बी आपल्याला हवी का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

६. निकालाच्या कागदावर ही नावे बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात. नातवंडांकडून वाचून घ्या, जुने निकाल तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा आणि भेटीला जाताना बरोबर न्या. डॉक्टरांना आजचा आकडा मागच्या आकड्याशेजारी पाहायला मिळाला तर काय बदलले ते लगेच कळते.

तपासणीचा आकडा, तो कोणत्या वेळी घेतला, आणि त्या वेळी शरीराला काय होत होते, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. यंत्राला पहिलीच माहीत असते. उरलेल्या दोन आपण सांगायच्या. दुखणे किती वाजता सुरू झाले ते घड्याळ पाहून लक्षात ठेवा आणि मिय्यूनमध्ये विचारतील तेव्हा तेच आधी सांगा.

सर्व वाचकांना आद मेआ वे-एस्रीम, एकशे वीस वर्षे आयुष्य लाभो.